ढगातला चकवा

आमच्या गोंदियाकडे जागलीला जाणाऱ्या माणसाला चकवा लागतो. लाखोळीच्या बांधीत शिरलेली रानडुकरं हाकलायला निघालेला माणूस, वाट रोजची, घर हाकेवर, तरी रात्रभर त्याच मोहाच्या झाडाभोवती फिरत राहतो. गावातली माणसं दोष देतात भुलनवेलीला. आमच्या मामांचा उपाय साधा होता : "चकवा लागला त जागचा हालू नोको. उजाडेपर्यंत बसून राय."

जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी यावर खरोखर प्रयोग केले. निष्कर्ष २००९ साली छापून आले. माणसांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ गेली. तो ढगाआड गेला तशी वळत वळत आपल्याच वाटेवर येऊन मिळाली, तीही आपण सरळच चाललोय या खात्रीनं. डोळे बांधल्यावर काहींचा घेर २० मीटरच्या आत आला. तिथं भुलनवेल नव्हती.

हाच चकवा ढगात शिरलेल्या लहान विमानाला लागतो. फरक एवढाच, की विमानाला जागीच बसून राहता येत नाही.

घोळ कानात आहे. कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यांत द्रव. डोकं वळलं की नळी वळते, द्रव मागे रेंगाळतो, आतले बारीक केस वाकतात आणि मेंदूला कळतं, आपण वळतोय. पण एकाच वेगानं वळत राहिलं तर वीसेक सेकंदांत द्रवही तोच वेग धरतो, केस सरळ होतात. मेंदू म्हणतो, वळण संपलं. फुगडी घालून थांबल्यावर अंगण फिरतं ते याच द्रवामुळे. आपण थांबलो तरी तो थांबत नाही. वळणातलं विमान सरळ केलं की वैमानिकालाही तसंच होतं : आता आपण उलट्या बाजूला वळतोय असं वाटतं, आणि तो ते पुन्हा पहिल्या बाजूला कलवतो. कल अगदी सावकाश, सेकंदाला सुमारे २ अंशांच्या आत आला, तर कानाला पत्ताच लागत नाही. बुडाखालची सीटही खोटी साक्ष देते, कारण नीट घेतलेल्या वळणात हातातला चहासुद्धा हिंदकळत नाही.

पुढचं फार झटपट घडतं. कललेलं विमान खाली येऊ लागतं. उंचीचा काटा घसरताना बघून वैमानिक दांडा ओढतो. पंख सरळ असते तर विमान वर गेलं असतं. ते तिरके असल्यानं वळण आवळत जातं, वेग वाढतो, विमान भोवऱ्यासारखं खाली. वैमानिकांच्या बोलीत या गिरकीच्या नावात स्मशान आहे.

१९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात काट्यांवर, म्हणजे बाहेर न बघता फक्त यंत्रं वाचत, उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० जणांना हवेत नेऊन, बाहेरचं काही दिसणार नाही असं करून, विमान चालवायला दिलं. विसांच्या विसांचा ताबा गेला. सरासरी १७८ सेकंद. एक बिडीही ओढून होत नाही तेवढ्यात. त्यांतले १९ त्याच गिरकीत सापडले.

ढगच लागतो असंही नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांचा मुलगा जुलै १९९९ मध्ये रात्री समुद्रावरून स्वतःचं विमान नेत होता. धूसर हवा, खाली काळं पाणी, क्षितिज नाही. काट्यांवर उडण्याचा परवाना नव्हता. विमानातले तिघेही गेले, आणि तपासात कारण निघालं हेच दिशाभान हरपणं.

गंमत अशी, की यातून वाचवणाराही भोवराच. वेगानं फिरणारा भोवरा आपला आस सोडत नाही. त्यावरच कृत्रिम क्षितिज दाखवणारं यंत्र बनलं. (नव्या विमानांत त्याची जागा इलेक्ट्रॉनिक संवेदकांनी घेतली आहे.) १९२९ मध्ये अमेरिकन वैमानिक जिमी डुलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून, फक्त यंत्रं बघत, उड्डाण करून विमान परत उतरवलं. वीस वर्षांनी आपल्या नागपुरात दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासहून टपालाची विमानं मध्यरात्री एकत्र येऊन थैल्यांची अदलाबदल करू लागली. अमावास्येच्या रात्री त्या वैमानिकांना कुठलं आलंय क्षितिज?

काटे वाचायला कोणीही शिकेल. अवघड आहे ते अख्खं अंग "उजवीकडे कललोय" म्हणून ओरडत असताना काट्याचं ऐकणं. त्यासाठी शिकणाऱ्याच्या डोळ्यांवर फक्त काटे दिसतील, बाहेरचं नाही, अशी झापड लावून, शेजारी शिक्षक बसवून, तासन्‌तास सराव घेतात. अनुभवी माणसालाही भास होतातच. तो फक्त त्यांना भीक घालत नाही. ज्याचं हे शिक्षण झालेलं नाही त्यानं ढग समोर दिसताच, आत शिरण्याआधीच, तोंड फिरवावं. सेकंदाला ३ अंश वळलं तर मिनिटभरात विमान आल्या वाटेला लागतं.

आमच्याकडे बिरसीच्या धावपट्टीवर वैमानिक घडतात. डिसेंबरात बोड्यांवरून, म्हणजे लहान तळ्यांवरून, धुकं उठलं, की सकाळी आभाळ गप्प असतं. शिकाऊ विमानं जागची हलत नाहीत. दहाच्या सुमारास धुकं फाटतं, तेव्हा कुठं पहिली घरघर ऐकू येते.