हृदयातल्या पुड्या

मामाला हृदयविकाराचा झटका येऊन सहा महिने झाले होते. रोज पर्वती चढणारा माणूस, पण आता अर्ध्या पायऱ्यांवर कठड्याला टेकायचा. टूडी इको काढताना मी आतच होतो. पडद्यावर राखाडी हृदय उघडझाप करत होतं. समोरच्या भिंतीचा एक तुकडा मात्र बाकीच्यांच्या ओढीने नुसता फरफटत होता. "तिथे स्कार आहे, म्हणजे व्रण, काका," डॉक्टर म्हणाले. "औषधाने भरून येईल ना?" मामाने विचारलं. डॉक्टर गोळ्यांची चिठ्ठी लिहू लागले.

गुडघा फुटला की नवी कातडी येते. हृदयाच्या स्नायूचं तसं नाही. पंचविशीतसुद्धा त्याच्या जेमतेम एक टक्का पेशी वर्षभरात नव्याने तयार होतात, पंचाहत्तरीत अर्धा टक्काही नाही. मोठ्या झटक्यात तर शंभर कोटींच्या घरात पेशी मरू शकतात. मग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजन या चिवट प्रथिनाचे धागे विणून ठिगळ लावतात. या ठिगळाला नावं ठेवू नयेत. ते वेळेवर बसलं नाही, तर पहिल्या काही दिवसांतच भिंत फाटू शकते. तक्रार एवढीच, की हा रफूवाला भोक बुजलं तरी सुई खाली ठेवत नाही. आजूबाजूच्या चांगल्या स्नायूतही धागे भरत राहतो आणि भिंत ताठर होत जाते.

त्याला कामाला लावणारे निरोप अनेक. टीजीएफ-बीटा हे प्रथिन त्यातलं मोठं नाव. एक्झोसोम हाही एक मार्ग. पेशीने बाहेर टाकलेली ही मेदाच्या पातळ पडद्याची पुडी, ३० ते १५० नॅनोमीटरची. केसाच्या जाडीत अशा पाचशे सहज मावतील. १९८३ मध्ये मेंढीच्या अपक्व रक्तपेशींत ती दिसली, तेव्हा पेशी नको असलेली प्रथिनं बाहेर टाकते आहे, एवढंच वाटलं. २००७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी आत आरएनए, म्हणजे जनुकांचा निरोप वाहणारा रेणू, असल्याचं दाखवलं आणि कचऱ्याच्या पुडीची बातमीची पुडी झाली. 'पुडी सोडणे' हा आपला वाक्प्रचार इथे इतका चपखल बसतो, की मोह आवरत नाही. २०१४ मध्ये जर्मनीतल्या हानोव्हरच्या गटाला आढळलं, की फायब्रोब्लास्टच्या पुड्यांतला एक मायक्रोआरएनए, म्हणजे आरएनएचा चिमुकला तुकडा, शेजारच्या स्नायूपेशींत शिरतो आणि त्या फुगतात.

बिघडवणारी पुडी असते, तशी सावरणारीही. झटक्यानंतर हृदयात सोडलेल्या मूळपेशी (स्टेम सेल) बहुतांश थोड्याच दिवसांत नाहीशा होतात, तरी थोडाफार गुण दिसतो. मग गुण पेशीचा की तिने सोडलेल्या पुडीचा? २०१० मध्ये सिंगापूरच्या गटाने उंदरांना पेशी वगळून नुसते एक्झोसोम दिले, तरी हृदयाचं नुकसान कमी झालं.

मला सर्वात बोलका वाटतो तो २०१७चा लॉस एंजेलिसमधला डुकरांवरचा प्रयोग. हृदयातून वाढवलेल्या पेशींचे एक्झोसोम आधी कॅथेटरच्या बारीक नळीने हृदयाच्या रक्तवाहिनीत सोडून पाहिले. उपयोग झाला नाही. तोच माल सुईने थेट स्नायूत टोचला, तेव्हा व्रण लहान राहिला. माल चांगला असून भागत नाही, तो दारात पोचावा लागतो. रक्तात सोडलेले एक्झोसोम यकृत आणि प्लीहा झपाट्याने उचलतात. म्हणून कोणी पुडीच्या पडद्यावर हृदयाचा पत्ता ओळखणारे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचे छोटे तुकडे, चिकटवतं, कोणी एक्झोसोम जेलमध्ये मिसळून हृदयावर लेप देऊन बघतं. शिवाय पेशींना कसं वाढवलं यावर पुडीतला ऐवज बदलतो, त्यामुळे दोन घाणे सारखे निघणं कठीण.

तोवर एक्झोसोम हा शब्द केसांच्या आणि चेहऱ्याच्या जाहिरातींत पोचलासुद्धा. मान्यताप्राप्त एक्झोसोम उत्पादन एकही नाही, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये दिला होता. मामाच्या चिठ्ठीत आहे ते जुनं स्पायरोनोलॅक्टोन. ते व्रण पुसत नाही, पण धागे भरण्याचा वेग कमी करतं.

मामाला डुकरांची गोष्ट सांगितली. "सुई थेट हृदयात?" म्हणाला, आणि डबी उघडून निमूटपणे गोळी घेतली.