यादीत नाव नसलं तरी 'चॅलेंज व्होट'? तसं होत नाही

निवडणूक आली की वाडीच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोच: यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा, 'चॅलेंज व्होट' मागा, मत देता येतं. रात्रभर गाडीत बसून मुंबईहून आलेला चाकरमानी या भरवशावर शाळेतल्या केंद्रावर रांगेत उभा राहतो, म्हणून हे नीट समजून घेतलेलं बरं.

१९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२ सरळ आहे: यादीत नाव नाही, तर मत नाही. आधारने ओळख पटते, एवढंच.

मेसेज पटतो, कारण 'चॅलेंज' ही तरतूद खरोखरच आहे. पण ते करतो उमेदवाराचा पोलिंग एजंट. यादीत नाव असलेल्या मतदाराबद्दल 'हा तो नव्हेच' असं त्याला वाटलं, तर दोन रुपये भरून तो हरकत घेतो. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात. हरकत टिकली नाही, तर मतदार मत देतो. आपल्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर कागदी मतपत्रिका मिळते, ती गोष्ट वेगळी. तिथेही यादीत नाव हवंच.

खिशात मतदार कार्ड आहे म्हणजे नाव आहेच, असंही नाही. कार्डावरचा क्रमांक टाकून ऑनलाइन यादीत शोधा, नाहीतर १९५०ला फोन करा. नाव नसेल तर नमुना ६ भरायचा, तोही वेळेत; उमेदवारी अर्जांची मुदत संपली की नवं नाव चढत नाही. आणि गाव की मुंबई, हे आधी ठरवा. नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं.