पिशवीवरचा टाका

पाचव्या महिन्यात भाची फाइल घेऊन घरी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, सांगलीला झालेलं, सिझर. आता ती सिंहगड रोडला राहते, मुलगा अडीच वर्षांचा आहे. "मावशी, या खेपेला नॉर्मल होईल का गं? सासूबाई म्हणतात, एकदा सिझर झालं की पुढचं सिझरच. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, अजिबात ऐकू नकोस, नॉर्मलचाच हट्ट धर."

मी नर्सिंगच्या मुलींना शरीरशास्त्र शिकवते, त्यामुळे घरातले असे प्रश्न माझ्याकडे येतात. तिला म्हटलं, आधी कार्ड दाखव. प्लॅस्टिकच्या पिशवीतलं घडी पडलेलं डिस्चार्ज कार्ड. त्यावर ऑपरेशनबद्दल एकच ओळ होती: इमर्जन्सी एलएससीएस, म्हणजे गर्भपिशवीच्या खालच्या भागात छेद देऊन केलेलं तातडीचं सिझर. पुढे तारीख आणि बाळाचं वजन. सिझर का करावं लागलं, छेद खरंच तिथेच दिला का, आडवा की उभा, तो आणखी वाढवावा लागला का, कसा शिवला, यातलं काहीच नाही. आणि तिच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर नेमकं तिथे होतं.

गर्भाशय, म्हणजे गर्भाची पिशवी, हा तोंड खाली करून धरलेला बटवा समजा. बटव्याचा वरचा, फुगीर भाग जाड स्नायूचा असतो. कळ येते ती तिथे. प्रत्येक कळेसरशी हा भाग आवळतो आणि जाड होत जातो. तोंडाजवळचा, नाडीच्या बाजूचा भाग शेवटच्या तीन महिन्यांत पातळ आणि लांब होतो. तो स्वतः फारसा जोर लावत नाही. वरच्या स्नायूच्या ओढीने बाळाच्या डोक्यावरून वर सरकत जातो. आजकालच्या बहुतेक सिझरमध्ये छेद या खालच्या भागात, आडवा दिलेला असतो.

या जागेला एवढं महत्त्व का, हे टाका कसा भरतो ते पाहिलं की कळतं. बाळंतपणानंतर सुमारे एक किलोची पिशवी सहा आठवड्यांत साठ-सत्तर ग्रॅमवर येते. या काळात वरचा स्नायू सतत आवळतो आणि सैल होतो. छेद वर असेल तर भरू पाहणाऱ्या जखमेच्या कडा रोज ओढल्या जातात. खालचा भाग त्या मानाने शांत, म्हणून तिथली जखम नीट सांधते. पुढच्या बाळंतपणात कळांचा मुख्य जोरही तिच्यावर येत नाही. आडव्या छेदाची खूण असलेल्या बाईला कळा आल्या, तर टाका उसवण्याची शक्यता साधारण दोनशेत एक. वरच्या भागात उभा छेद असेल तर ती शंभरात चार ते नऊपर्यंत जाते आणि कधीकधी कळा सुरू होण्याआधीच तो उसवतो. अशा बाईला नॉर्मलचा सल्ला देत नाहीत.

इथे एक गैरसमज मी दरवर्षी वर्गातही ऐकते. पोटावरची खूण आडवी म्हणजे आतलीही आडवीच, असं धरून चालतात. कातडीवरचा छेद आणि पिशवीवरचा छेद यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. बाळ फार लवकर, सातव्या महिन्याच्या आसपास काढावं लागलं असेल तर खालचा भाग पुरेसा तयार झालेला नसतो. मग बाहेर आडवी रेघ आणि आत उभा छेद असं होऊ शकतं. कार्डावरची 'एलएससीएस' ही अक्षरं बहुतेक वेळा खरी असतात. पण ऑपरेशनची मूळ नोंद पाहिल्याशिवाय त्यांवर विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे.

सासूबाईंच्या म्हणण्यालाही इतिहास आहे. 'एकदा सिझर, कायम सिझर' हे वाक्य न्यूयॉर्कचे डॉक्टर एडविन क्रेगिन यांनी १९१६ साली मांडलं. तेव्हा छेद वरच्या भागातच उभा घेत, त्यामुळे ती भीती रास्त होती. क्रेगिन यांचा रोख मात्र वेगळ्याच गोष्टीवर होता. पहिलं सिझर करतानाच दहा वेळा विचार करा, कारण त्याचं ओझं पुढच्या प्रत्येक बाळंतपणावर पडतं, असं ते डॉक्टरांना सांगत होते. सिझरनंतर तीन मुलं सुखरूप झालेली स्वतःची एक रुग्णही त्यांनी त्याच लेखात नोंदवली आहे. पुढे १९२० च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी खालच्या भागातल्या आडव्या छेदाचा पाठपुरावा केला आणि हळूहळू तो सगळीकडे रूढ झाला. छेदाची जागा बदलली, पण वाक्य तसंच राहिलं.

आपल्याकडे हा प्रश्न आता घरोघरी आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली आढळली. सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के, खासगीत ४७.४ टक्के. पुण्यासारख्या शहरात नर्सिंग होमच्या बाकावर बसलेल्या बायकांत दुसऱ्या खेपेच्या कितीजणींना हे विचारायचं असेल, याचा अंदाज येतो.

एक सिझर झालेल्या आणि योग्य निवड केलेल्या शंभरजणींनी कळांची वाट पाहिली, तर ७२ ते ७५ जणींचं बाळंतपण नॉर्मल होतं. आधी एखादं नॉर्मल झालेलं असेल तर हा आकडा ८५ ते ९० वर जातो. पहिलं सिझर कशासाठी झालं, यावरही बरंच ठरतं. बाळ पायाळू होतं म्हणून झालं असेल तर ते कारण या वेळी नसण्याचीच शक्यता जास्त. पिशवीचं तोंड पूर्ण उघडूनही बाळ अडकलं म्हणून झालं असेल तर यश थोडं कमी. आईचं वजन फार वाढलेलं असेल तरी कमी. दोन बाळंतपणांत दीड-दोन वर्षांहून कमी अंतर असेल तर टाका उसवण्याचा धोका वाढतो.

आणि कळा आपल्या आपण येणं फार मोलाचं. सलाईनमधून औषध देऊन कळा आणल्या किंवा वाढवल्या तर धोका दुप्पट-तिप्पट होतो. पिशवीचं तोंड उघडण्यासाठीची मिसोप्रोस्टॉलची गोळी तर अशा बाईला शेवटच्या तीन महिन्यांत देऊच नये.

दोन सिझर झालेल्यांचं काय? भाचीच्या शेजारणीचा हाच प्रश्न होता. दोन्ही छेद खालचे आणि आडवे असतील तर दार बंद नाही; यशाचा आकडा सत्तरच्या आसपास राहतो. मात्र टाका उसवण्याची शक्यता वाढते, निरनिराळ्या अभ्यासांत ती ०.९ ते ३.७ टक्के सापडली आहे. रक्त द्यावं लागणं, पिशवी काढावी लागणं हेही वाढतं. हा निर्णय अनुभवी डॉक्टरांसमोर बसून, मूळ नोंदी टेबलावर ठेवूनच व्हायला हवा. मोठी सोय नसलेल्या ठिकाणी तो मुळीच घेऊ नये.

पुन्हा सिझरच करू, असं म्हणणाऱ्या बाईला कमी लेखणारे लोक मला आवडत नाहीत. ठरवून केलेल्या सिझरमध्ये टाका उसवण्याची भीती जवळजवळ नसते आणि बाळंतपणाच्या वेळीच बाळ दगावण्याचा मुळात अगदी थोडा असलेला धोका आणखी कमी होतो. त्याची किंमत बहुतेक वेळा पुढच्या खेपेला मोजावी लागते. वार पिशवीच्या तोंडावर आली आणि जुन्या टाक्यावर बसली तर ती स्नायूत रुतते, सुटत नाही, आणि रक्तस्राव आवरणं कठीण होतं. वार अशी खाली असताना दुसऱ्या सिझरच्या वेळी ती रुतलेली निघण्याची शक्यता ११ टक्के असते, तिसऱ्या वेळी ४०, चौथ्या वेळी ६१. म्हणून "अजून किती मुलं हवीत?" हा प्रश्न इथे वैद्यकीयच आहे. दोनवर थांबणार असाल तर हिशेब एक, तिसऱ्याचा विचार असेल तर दुसरा.

टाका उसवायला लागला तर सर्वांत आधी बहुधा बाळाचे ठोके बिघडतात. दहातल्या जवळपास सात वेळा. म्हणूनच सीटीजीचा, म्हणजे बाळाचे ठोके आणि कळा नोंदवणाऱ्या यंत्राचा, पट्टा पोटावर सतत हवा, मधूनमधून लावून चालत नाही. दोन कळांच्या मधेही न थांबणारी, टाक्यावर दाबलं की वाढणारी वेदना, अंगावरून जाणारं रक्त, लघवीत रक्त, चालू कळा एकदम बंद पडणं, खाली आलेलं डोकं पुन्हा वर जाणं, या सगळ्या खुणांवर नर्सची नजर लागते. त्यानंतर हातात मिनिटं असतात.

त्यामुळे डॉक्टरांना "तुम्ही नॉर्मल करता का?" एवढंच विचारून भागत नाही. मी भाचीला दुसरा प्रश्न लिहून दिला: "रात्री दोन वाजता मला सिझर लागलं तर ते किती मिनिटांत सुरू होईल?" ससूनसारख्या शिकवणाऱ्या रुग्णालयात निवासी डॉक्टर चोवीस तास असतात. लहान नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ फोन केल्यावर येतात. ते हडपसरला असतील आणि तुम्ही वारज्यात. पहिल्या ठिकाणच्या डॉक्टरांनी तिला सरळ सांगितलं, "माझ्याकडे ही सोय नाही, मी धोका घेणार नाही." त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

मूळ नोंद मिळवायला भाचीचे बाबा सांगलीला दोन खेपा करून आले. पहिल्यांदा "जुनं आहे, बघावं लागेल" म्हणून परत पाठवलं. उपचाराच्या नोंदी तीन वर्षं सांभाळणं आणि मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, हे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. तसा लेखी अर्ज दिल्यावर झेरॉक्स मिळाली. बाळ पायाळू, कळा सुरू, खालचा आडवा छेद, वाढवलेला नाही, दोन थरांत शिवलेला. घरात इतकी वर्षं "पाणी कमी झालं होतं" असंच सांगत होते.

तिने कळांची वाट पाहायचं ठरवलं, भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय चोवीस तास असलेल्या मोठ्या रुग्णालयात. एकोणचाळिसावा आठवडा संपता संपता पहाटे कळा आल्या. दुपारपर्यंत पिशवीचं तोंड सात सेंटिमीटर उघडलं, मग तीन तास तिथेच. बाळाचे ठोके उत्तम होते, पण तोंड पुढे उघडेना. औषधाने कळा वाढवण्याचा धोका डॉक्टरांनी समजावून सांगितला, आणि तिनेच सिझरला होकार दिला. मुलगी झाली, तीन किलो शंभर ग्रॅम. टाक्याची जागा कागदासारखी पातळ झाली होती, पण सांधा शाबूत होता.

चौथ्या दिवशी घरी सोडताना तिने कार्ड उघडून वाचलं आणि काउंटरवर परत दिलं. कारण, छेदाची जागा, किती थरांत शिवलं आणि जुना टाका कसा दिसला, एवढं लिहून होईपर्यंत ती बाळाला मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिली.