गुरुजींच्या दुकानामागे

अंबाजोगाईकडचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक नुकतेच गेले. शोकसभेत बोलणारे बहुतेक त्यांचे विद्यार्थी होते आणि सगळे शाळेबद्दलच बोलले. निवृत्तीनंतर त्यांनी चालवलेल्या हस्तकलेच्या दुकानाचा उल्लेख आला तो 'गुरुजींचा छंद' एवढाच. मागच्या रांगेत बसलेल्या, घोंगड्या विणणाऱ्या सनगरांना, वाकळा शिवणाऱ्या बायांना आणि तांड्यावरून आलेल्या लमाण बायांना हा शब्द कसा वाटला असेल कोण जाणे. मला तरी तो पटला नाही. मराठवाड्यात मास्तरकी आणि हातकाम यांचं नातं शंभर वर्षांचं आहे, आणि ते दुकान त्या नात्यातूनच उभं राहिलं होतं.

निजामाच्या राज्यात मराठी मुलाला मराठीतून शिकायचं म्हणजे अवघड काम होतं. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झालं आणि माध्यमिक शिक्षणाचा ओढाही त्याच दिशेला गेला. औरंगाबादची सरस्वती भुवन 1915 पासून चालू होती, पण खेड्यापाड्यांत आनंदच होता. त्यात खासगी शाळा काढायची, सभा घ्यायची, आखाडा चालवायचा, तरी परवानगी लागायची. अशा वातावरणात 1921 साली धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे तिथे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक आले. कामगार चळवळीत काम करून आलेले, अंगावर खादी. नंतर त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. 1935 साली ते अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला आले आणि तिथली योगेश्वरी नूतन विद्यालय ही शाळा त्यांनी बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर उभी केली. निजाम राजवटीविरुद्धच्या 1938 च्या सत्याग्रहात उतरताना त्यांनी शाळा सोडली, पण शाळेने त्यांना सोडलं नाही. मराठवाड्यातल्या किती मास्तरांनी आयुष्यभर खादी वापरली आणि जेमतेम पगारातून पोरांच्या फिया भरल्या, त्याचं मूळ इथे आहे.

या शाळांत सूत कातणं हा नुसता देशभक्तीचा देखावा नव्हता. पेळू, टकळी, गुंडी हे शब्द पोरांना पाढ्यांइतके पाठ असत. 1937 च्या वर्धा परिषदेनंतर गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हातकामातून शिक्षणाची, चर्चा देशभर झाली आणि मूलोद्योग, म्हणजे ज्याच्याभोवती शिकवायचं ते हातकाम, हा शब्द मास्तरांच्या तोंडी बसला. हातातून शिकलं की डोक्यात राहतं, असा त्यामागचा विचार. पुढे शाळेत कार्यानुभव आला, त्याच्या तासाला पोरं कागदाच्या पिशव्या चिकटवू लागली आणि विचार मात्र पातळ झाला. आमचे गुरुजी त्या तासाला सरळ गावातल्या सनगराला वर्गात बोलवायचे. अधिकारी आले की कुरकुर व्हायची, तो भाग वेगळा.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद मुक्त झालं. त्याआधीच्या वर्षभरात रझाकारांच्या भीतीने किती घरं सीमेपलीकडे गेली, किती शाळा ओस पडल्या, हे इथल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. 1950 साली डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं, 1958 साली मराठवाडा विद्यापीठ आलं, 1962 साली जिल्हा परिषदा आल्या. गुरुजी जिल्हा परिषदेच्या नोकरीत लागले ते या लाटेत. शिक्षण झपाट्याने पसरत होतं. त्याच काळात हातमाग मात्र मागे पडत गेला, आणि याची खंत कुणाला फारशी नव्हती.

इथल्या कसबाची यादी करायला बसलं तर लांबते. पैठणची पैठणी, औरंगाबादचं हिमरू, म्हणजे सुती ताण्यावर रेशमाचा बाणा, लमाण बायांचं आरसे-कवड्यांचं भरतकाम, तुळजापूरच्या कवड्यांच्या माळा. पैठणी तेवढी नशीबवान. तिला गिऱ्हाईक होतं, सरकारी प्रशिक्षण मिळालं, 2010 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अर्थात आज माग पैठणपेक्षा येवल्यात जास्त चालतात आणि बाजारात पैठणी म्हणून यंत्रमागाचा मालच जास्त खपतो. पण निदान नाव तरी राहिलं. घोंगडीला तेही भाग्य नाही.

घोंगडी कशी होते हे दुकानात आलेल्या प्रत्येकाला गुरुजी सांगत, गिऱ्हाईक घाईत असलं तरी. धनगराची मेंढरं, त्यांची लोकर कातरायची, पिंजायची, घरच्या बायांनी चातीवर सूत काढायचं. विणायचं काम सनगराचं, खड्डामागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून बसायच्या मागावर. ताण्याला चिंचोक्याची खळ: चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवलेली. खळ कुंच्याने सारखी बसली नाही तर सूत तुटतं. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. जावळाची घोंगडी मऊ, म्हणून महाग. दुकानात ती वेगळ्या फळीवर असायची आणि गिऱ्हाइकाचा हात आधी तिच्यावरून फिरवून मगच गुरुजी किंमत सांगायचे. धंद्याची एवढी अक्कल त्यांना होती.

1972 च्या दुष्काळाने या साखळीचा पहिला दुवा तोडला. चारा नाही, पाणी नाही. कळप विकले गेले, मेले. सनगर खडी फोडायला गेले ते सगळे मागावर परतले नाहीत. मग पानिपतचे स्वस्त ब्लँकेट रस्त्याच्या कडेला ढिगाने विकायला आले. जे विणत राहिले ते व्यापाऱ्याच्या उचलीत अडकले. सणासुदीला उचल घ्यायची, ती मालात फेडायची आणि मालाचा भाव व्यापाऱ्याने ठरवायचा. निवृत्त झाल्यावर गुरुजींनी फंडाच्या पैशातून दुकान थाटलं ते नेमकं इथे बोट ठेवून. त्यांचा नियम एकच होता: माल आला की त्याच दिवशी रोख. उधारी गिऱ्हाइकाला नाही आणि कारागिराचीही नाही. प्रत्येक वस्तूला सुतळीने बांधलेली चिठ्ठी असायची आणि तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात करणाऱ्याचं नाव आणि गाव. फळ्यावर लिहिणाऱ्याचा हात, तो काही सुटत नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर-धाराशिवच्या गावांत हजारो माणसं गेली. मदतीचा ओघ आला. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढणाऱ्या बायांच्या हाताला काम हवं होतं. त्या भागात बचत गट रुजले ते याच काळात. जुन्या लुगड्यांचे थर देऊन वाकळ शिवणं प्रत्येकीला येत होतं. ते विकता येतं, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. लेकीला द्यायची वस्तू, तिचे कसले पैसे घ्यायचे? काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीने, गावोगाव बसून बायांना टाक्यांचा हिशेब शिकवला: किती दिवस लागले, दिवसाची मजुरी किती, दोरा किती. वाकळांचा भाव त्या हिशेबातून ठरला. माझ्या मते दुकानाचं सगळ्यात मोठं काम हेच, आणि ते काकूंचं. शोकसभेत त्यांचं नाव एकदाच आलं, तेही 'साथ दिली' म्हणून.

दुकानातून पैसा फार सुटला नाही. एखाद्या वर्षी पेन्शन त्यात जायची, मुलं कटकट करायची. आता वाकळा शिवणाऱ्या एका गटाने दुकान चालवायला घेतलंय. रोखीचा नियम त्यांनी ठेवलाय. गिऱ्हाइकाची उधारी मात्र थोडी सुरू केलीय, कारण लग्नसराईत त्याशिवाय माल हलत नाही. घोंगड्यांची मागणी पुण्याहून येते आहे, पण जावळ मिळत नाही, आणि सनगरांची तरुण पोरं मागावर बसायला तयार नाहीत. त्यातली बरीचशी गुरुजींकडेच शिकून नोकरीला लागली.