दोन ससे आणि त्वचेतून जाणारं औषध

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्तेफान लदुक या फ्रेंच वैज्ञानिकाने दोन ससे एकाच विद्युतमंडलात जोडले. एकाच्या अंगावर धन टोकाखाली स्ट्रिकनीनमध्ये भिजवलेला बोळा होता, दुसऱ्याच्या अंगावर ऋण टोकाखाली सायनाइडचा. प्रवाह सुरू होताच पहिल्याला झटके आले, दुसरा सायनाइडने मेला. तारांची अदलाबदल करून पाहिली, तेव्हा विषं तीच असूनही सशांना काही झालं नाही. प्रयोग क्रूरच, पण विष विजेने आत ढकललं होतं याबद्दल शंका उरली नाही.

एरवी त्वचा सहज कुणाला आत घेत नाही. तिचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा असतो. पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मधल्या फटी स्निग्ध द्रव्यांनी लिंपलेल्या. साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचं वस्तुमान मोजण्याचं एकक) लहान आणि तेलात थोडेफार विरघळणारे रेणूच त्यातून झिरपतात. निकोटीन 162 डाल्टनचं, म्हणून त्याची पट्टी चालते. इन्सुलिन सुमारे 5800 डाल्टनचं, ते बाहेरच राहतं. प्रभारित रेणूंनाही ही स्निग्ध भिंत सहसा ओलांडता येत नाही.

आयन्टोफोरेसिसमध्ये, म्हणजे लदुकसारखं सौम्य विजेने औषध त्वचेत ढकलण्याच्या तंत्रात, हाच प्रभार कामी येतो. धनप्रभारित औषध धन टोकाखाली ठेवायचं, म्हणजे ते टोकापासून दूर, त्वचेत लोटलं जातं. प्रवाह अगदी सौम्य, दर चौरस सेंटिमीटरला सहसा अर्ध्या मिलिअँपिअरपर्यंतच. सिस्टिक फायब्रोसिस या, घामातलं मीठ वाढवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीत 1959 पासून हेच करतात. बाळाच्या हातावर पायलोकार्पिन या घाम आणणाऱ्या औषधाची गादी बांधून काही मिनिटं प्रवाह सोडतात. मग तेवढ्याच जागी घाम फुटतो, तो टिपून त्यातलं क्लोराइड मोजतात. सुई कुठेच नाही. मला या तंत्राचा सर्वांत सुंदर उपयोग हाच वाटतो.

पण विजेमुळे पाण्याचं विघटन होऊन धन टोकाशी आम्ल आणि ऋण टोकाशी अल्कली तयार होते, त्याने त्वचा भाजू शकते. मायग्रेनवरच्या अशाच एका पट्टीची विक्री अमेरिकेत भाजल्याच्या तक्रारींमुळे 2016 मध्ये थांबवावी लागली. चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडची टोकं वापरली, तर हा धोका बराच कमी होतो.

मोठ्या रेणूंसाठी इलेक्ट्रोपोरेशन आहे. यात शेकडो व्होल्टचे, पण मिलिसेकंदभराचे झटके देतात. त्याने स्निग्ध थरात क्षणभर सूक्ष्म पाणवाटा उघडतात. झटक्याने स्नायू आखडू नयेत म्हणून दोन्ही टोकं एकमेकांच्या अगदी जवळ ठेवतात, म्हणजे वीज वरच्या थरातच फिरते आणि खालच्या मज्जातंतूंपर्यंत फारशी पोचत नाही.