बोटीवर स्वतःची बाटली : बंदी आली कुठून?

बॅलार्ड पियरच्या क्रूझ टर्मिनलवर बॅगा एक्स-रे यंत्रातून सरकतात, तेव्हा तपासणाऱ्यांचं लक्ष सुरी-कात्रीइतकंच बाटल्यांकडेही असतं. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप करणाऱ्या कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या बोटीवर बाहेरचं मद्य चालत नाही. बाहेरचं खाणंही नाही. तोच प्रवासी विमानाने सिंगापूर गाठून रॉयल कॅरिबियन या परदेशी कंपनीच्या बोटीत चढला, तर वाइनची एक बाटली उजळ माथ्याने आत नेऊ शकतो. व्हिस्कीची चपटी मात्र तिथेही दारातच थांबते. हे नियम कुणाच्या लहरीने ठरलेले नाहीत. त्यांच्या मागे जकातीचा कायदा आहे, दोन देशांतल्या दारूबंद्या आहेत आणि सगळ्यात जास्त वजन आहे ते कंपन्यांच्या ताळेबंदातल्या एका रकान्याला.

वाफेच्या बोटींच्या सुरुवातीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. पी अँड ओ कंपनीने १८५०च्या दशकात मुंबई–सुएझ टपालाचं काम ईस्ट इंडिया कंपनीकडून घेतलं. त्या सुमारास पहिल्या वर्गाच्या भाड्यात जेवणाबरोबर वाइन आणि इतर मद्यही धरलेलं असे. टेबलावर मिळत असताना बाटली वाहून कोण नेणार? पुढे ही सोय गेली, दारूचे पैसे वेगळे पडू लागले, तरी बोटीवरची दारू किनाऱ्यापेक्षा स्वस्तच राहिली. परदेशी निघालेल्या बोटीच्या साठ्यावर त्या देशाची जकात लागत नाही, हे त्याचं कारण. आपल्याकडे १९६२च्या कस्टम्स कायद्याचं कलम ८७ हेच सांगतं: बोट परदेशगामी आहे तोवर तिच्यावरचा आयात साठा जकात न भरता बोटीवरच वापरता येतो. बंदरात असताना हा साठा बाँड लॉकरमध्ये, म्हणजे जकात न भरलेल्या मालाच्या कुलूपबंद खोलीत, सीलबंद ठेवावा लागू शकतो. बोट सुटली तरी बार लगेच उघडत नाही, यावर पहिल्यांदा जाणारे हमखास चिडतात. त्याचं मूळ या सीलमध्ये आहे. बोट भारताची सागरी हद्द ओलांडेपर्यंत ते राहू शकतं, आणि ही हद्द आहे १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. मुंबई–गोवा अशी निव्वळ किनारी फेरी असेल तर ही जकातमाफी आपोआप मिळत नाही. म्हणून 'बोटीवर ड्यूटी-फ्री भावात मिळेल' या समजुतीवर कुणी बजेट आखू नये.

बोटीवरच्या दारूचा खरा खटला उभा राहिला अमेरिकेत. तिथे जानेवारी १९२० पासून दारूबंदी होती. ऑक्टोबर १९२२ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल हॅरी डॉहर्टी (अमेरिकी सरकारचे मुख्य विधी अधिकारी) यांनी मत दिलं, की अमेरिकी बोटींवर जगात कुठेही आणि परदेशी बोटींवर अमेरिकी हद्दीत दारू चालणार नाही. कंपन्या कोर्टात गेल्या. ३० एप्रिल १९२३ला 'क्युनार्ड विरुद्ध मेलन' (ब्रिटिश बोट-कंपनी विरुद्ध अमेरिकी अर्थमंत्री) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो गमतीदार होता. अमेरिकी बोटीला हद्दीबाहेर दारू ठेवायला कायद्याची आडकाठी नाही; परदेशी बोटीला मात्र अमेरिकी हद्दीत सीलबंद साठाही आणता येणार नाही. ब्रिटिशांनी तरीही आपल्या सरकारी सीलखाली साठा आणून पाहिला. जून १९२३ मध्ये न्यूयॉर्कला 'बाल्टिक' आणि 'बेरेंगारिया' या बोटींवरची ती सीलं अमेरिकी अधिकाऱ्यांनी तोडली. जानेवारी १९२४ मध्ये दोन्ही देशांचा करार झाला. सीलबंद साठा बंदरात आणायची मुभा ब्रिटनला मिळाली. त्याच्या बदल्यात, किनाऱ्यापासून बोटीने एक तासाच्या अंतरापर्यंत दारूच्या चोरट्या बोटी अडवायचा हक्क अमेरिकेला मिळाला.

अमेरिकी सरकारने आपल्या मालकीच्या बोटी तरीही कोरड्याच ठेवल्या. 'लेव्हायथन' ही त्यांची सर्वात मोठी बोट. अटलांटिक ओलांडणारे पिणारे प्रवासी तिला सोडून ब्रिटिश आणि फ्रेंच बोटींकडे वळले. पुढे मंदीत रिकाम्या पडलेल्या बोटींना काम हवं होतं. न्यूयॉर्कहून निघायचं, हद्द ओलांडायची, एक-दोन दिवस समुद्रात घालवायचे आणि परत यायचं, अशा कुठेच न जाणाऱ्या फेऱ्या सुरू झाल्या. तिकीट स्वस्त आणि कमाई बारवर. डिसेंबर १९३३ला दारूबंदी उठली, पण हे गणित बोट-कंपन्यांना एकदा कळलं ते कळलं.

मुंबईने पुढे याच्या उलटी वाट धरली. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी लागू झाली. याच कायद्याच्या कलम ३९ मध्ये मालवाहू बोटी, युद्धनौका, सैन्यवाहू बोटी आणि लष्करी मेस यांच्यासाठी सरकारला परवानगी देता येईल अशी तरतूद होती. म्हणजे शहर कोरडं, पण धक्क्याला लागलेल्या बोटीवर ग्लास भरलेला असू शकतो. १९५१च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर हाही मुद्दा होता: काहींना सूट आणि बाकीच्यांना बंदी, हे समानतेत बसतं का? कायद्याची काही कलमं त्या निकालात पडली, पण बंदीचा गाभा टिकला. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, त्यामुळे किनाऱ्याने चोरटी दारू येत राहिली. शहरातली हातभट्टी सायकलच्या आणि मोटारीच्या ट्यूबमधून फिरे. आज अमेरिकेत चोरून दारू नेण्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिकच्या चपट्या पिशव्या विकत मिळतात, त्या पाहिल्या की जुन्या मुंबईकराला त्या ट्यूबच आठवतील.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना बंदी बरीच सैल झाली, पण कायदा गेला नाही. तो आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने जिवंत आहे. बारच्या पाटीवरचं 'परमिट रूम' त्याच काळातलं. कागदावर आजही पिण्यासाठी परवाना लागतो. वयाची अटही देशातल्या कडक अटींपैकी एक आहे: कडक मद्यासाठी २५ वर्षं, सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१.

आता मुख्य वळण. १९६०च्या दशकाअखेर जेट विमानांनी लांब पल्ल्याचे प्रवासी खाल्ले आणि बोटी 'कुठे जायचं' यापेक्षा 'बोटीवर काय करायचं' हे विकू लागल्या. टेड अ‍ॅरिसन यांच्या कार्निव्हल या अमेरिकी क्रूझ कंपनीची पहिली बोट 'मार्डी ग्रा' मार्च १९७२ मध्ये पहिल्याच फेरीला मायामीबाहेर गाळात रुतली. पैसा कमी आणि बोट जुनी, म्हणून तिकीट पाडायचं आणि बार, कसिनो, दुकानं यांतून भरून काढायचं हा मार्ग त्यांनी धरला. हळूहळू सगळ्यांनीच तो धरला. आज कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांच्या उत्पन्नातला साधारण ३० ते ३५ टक्के भाग तिकिटाचा नसून बोटीवरच्या खर्चाचा असतो. प्रवाशाने आणलेली प्रत्येक बाटली या रकान्यातून वजा होते. कंपन्या कारण देतात सुरक्षेचं. ते खोटं नाही, कारण कठड्याजवळची दारू हा खरा धोका आहे आणि अमेरिकेने २०१० मध्ये क्रूझ सुरक्षेचा स्वतंत्र कायदाही केला. पण नुसती सुरक्षा हवी असती तर बारमध्येही हात आखडला असता.

मग वाइन का चालते? एक कारण परंपरेचं आहे. वाढदिवसाला, लग्नाच्या वाढदिवसाला आपली खास बाटली हॉटेलात न्यायची आणि ती उघडून वाढण्याचे पैसे द्यायचे, ही कॉर्केजची पद्धत बोटींनी तशीच उचलली. दुसरं कारण साधं गणित. ७५० मिलीच्या वाइनमध्ये १३ टक्क्यांनी सुमारे ९८ मिली शुद्ध अल्कोहोल. १५० मिलीचे पाच ग्लास, दोघांत एका जेवणात संपतात. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या तेवढ्याच खंब्यात ३२१ मिली, म्हणजे ३० मिलीचे २५ पेग. चार दिवसांच्या फेरीत एका माणसाने बारकडे फिरकायचंच नाही, इतका माल. वाइनच्या बाटलीने कंपनीचं फारसं बिघडत नाही, खंब्याने बिघडतं.

नियम जुने असले तरी पाळले जात नव्हते, कारण बॅगा कुणी उघडून बघत नसे. १९८५ मध्ये 'अकिले लाउरो' या इटालियन प्रवासी बोटीचं अपहरण झालं आणि बोटींच्या सुरक्षेकडे जगाचं लक्ष गेलं. १ जुलै २००४ला आयएसपीएस ही बंदर आणि जहाज सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता लागू झाली. स्फोटकं शोधायला बसवलेल्या यंत्रात बाटल्याही दिसू लागल्या. कागदावरचा नियम खऱ्या अर्थाने बंदी झाला तो इथे.

त्यानंतर सुरू झाला उंदरा-मांजराचा खेळ. माउथवॉशच्या बाटलीत खाद्यरंग घातलेली वोडका, शॅम्पूच्या बाटल्या, सील पुन्हा बसवलेल्या पाण्याच्या बाटल्या. यांतलं बरंच फसतं. एक्स-रेमध्ये कपड्यांच्या मधोमध द्रवाचा घट्ट ठसा उठतो, मग तो पारदर्शक पिशवीतला का असेना. पिशवीचं बूच सैल असेल तर सामानाच्या ढिगाऱ्याखाली दाबली जाऊन ती गळते आणि बॅगभर वास येतो. संशय आला की ती बॅग केबिनच्या दाराशी येत नाही. सुरक्षा कक्षात अडकते आणि मालकाला तिथे जाऊन ती उघडून दाखवावी लागते. पहिल्या संध्याकाळी अंगावरच्या कपड्यांतच जेवायला जायची पाळी येते. सापडलेली दारू काही कंपन्या शेवटच्या दिवशी देतात, काही सरळ ओतून टाकतात. कार्निव्हल दुसऱ्या गटातली.

पाण्याच्या बाटल्यांची युक्ती इतकी बोकाळली की ९ जुलै २०१५ पासून कार्निव्हलने प्रवाशांच्या पाणी आणि थंड पेयांच्या बाटल्याच बंद केल्या. आता थंड पेयाचे बंद कॅन चालतात, माणशी १२, प्रत्येकी ३५५ मिली. कॅन उघडून पुन्हा बंद करता येत नाही, एवढाच त्यामागचा विचार. डिस्नेनेही २०१५ मध्येच मोकळीक आटवली: प्रौढ प्रवाशामागे वाइनच्या दोन बाटल्या किंवा बिअरचे सहा कॅन. नॉर्वेजियन ही कंपनी वाइनला संख्येची अट घालत नाही, पण प्रत्येक बाटलीमागे कॉर्केज घेते. ड्रिंक पॅकेजमध्येही, म्हणजे आधी ठरलेली रक्कम भरून प्यायच्या सोयीतही, हाच हिशेब दिसतो. कार्निव्हलच्या पॅकेजला २४ तासांत १५ मद्यपेयांची मर्यादा आहे, आणि एकाने पॅकेज घेऊन दोघांनी प्यायचं टाळण्यासाठी एका केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी ते घ्यावं असा आग्रह बऱ्याच कंपन्या धरतात.

मुंबईत क्रूझचा धंदा उशिरा आला. २००५ मध्ये स्टार क्रूझेसची 'सुपरस्टार लिब्रा', २०१८ मध्ये मुंबई–गोवा 'आंग्रिया', २०१९ मध्ये जलेशची 'कर्णिका', आणि सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाची 'एम्प्रेस'. ही 'एम्प्रेस' म्हणजे रॉयल कॅरिबियनची १९९०ची 'नॉर्डिक एम्प्रेस'. ती मुळात तीन-चार दिवसांच्या छोट्या फेऱ्यांसाठीच बांधलेली होती. छोट्या फेरीत माणशी दारू जास्त खपते, कारण लोक ऑफिसच्या सुट्टीसारखे येतात आणि दोन रात्रींत सगळं उरकतात. मुंबईच्या फेऱ्यांवर वाइनच्या एका बाटलीचीही सवलत नाही, त्यात याचाही वाटा असावा असं आमचं मत.

मुंबईकरांची सर्वाधिक फजिती होते ती विमान आणि बोट यांचे नियम उलट असल्यामुळे. विमानात १०० मिलीपेक्षा मोठी बाटली हातातल्या बॅगेत चालत नाही, म्हणून वाइन चेक-इन बॅगेत जाते. बोटीवर ती हातातल्या बॅगेतच लागते. पट्ट्यावर दिलेल्या बॅगेत सापडली तर ती बॅग अडकते. तेव्हा क्रूझ टर्मिनलला पोहोचण्याआधी, हॉटेलातच सामान फिरवून घ्यावं. बाटली सीलबंद आणि बहुतेक ठिकाणी ७५० मिलीपर्यंतचीच हवी. खोक्यातली वाइन बहुतेक कंपन्या घेत नाहीत.

मधल्या बंदरात घेतलेली बाटली बोटीच्या शिडीपाशी जमा करून घेतात, केबिन नंबरची चिठ्ठी देतात आणि शेवटच्या रात्री किंवा सकाळी परत करतात. चिठ्ठी जपावी. गोव्यात घेतलेल्या बाटलीचं दुखणं वेगळं. बोट ती परत देईल, पण मुंबईत उतरताना ती महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क खात्याच्या हद्दीत येते. 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' छापलेली दारू परवान्याशिवाय इथे आणणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, बाटली सीलबंद असली तरी. लक्षद्वीपमध्ये बंगारामचं रिसॉर्ट सोडलं तर दारूबंदी आहे. तिथे उतरताना खिशात चपटीही नको. आणि गोवा-लक्षद्वीप हा देशांतर्गत प्रवास असल्याने दोन लिटरची ड्यूटी-फ्री सवलत इथे लागू नाही. ती फक्त परदेशातून येणाऱ्याला आहे. सिंगापूरहून परतताना बोटीने परत दिलेल्या आणि चांगी विमानतळावर घेतलेल्या बाटल्या मिळून दोन लिटर मोजले जातात. बिलं हाताशी ठेवावीत. २४ ते ७० टक्क्यांचं मद्य चेक-इन बॅगेत माणशी पाच लिटरपर्यंतच चालतं, ७० टक्क्यांवरचं अजिबात नाही.