टार्गेटेड शेक (बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या आधीचा)

स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) ट्रान्सप्लांटच्या आधी पेशंटच्या हाडांतला जुना मगज, म्हणजे बोन मॅरो, रिकामा करावा लागतो, आणि त्यासाठीचं रेडिएशन अख्ख्या अंगाला न देता जास्तीत जास्त हाडांवरच पडेल असं बेतलं की त्याला टार्गेटेड शेक म्हणायचं. डॉक्टरलोकांत ह्याचं नाव टोटल मॅरो इरॅडिएशन म्हणजे टीएमआय, आणि त्यात प्लीहा, लिम्फच्या गाठी पण धरल्या की टीएमएलआय.

नागपुरात रेडिएशनला सरळ 'शेक' नाहीतर 'लाईट' म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. शेक म्हणजे गाठ जाळणं हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय, मग ब्लड कॅन्सरवाल्याचे नातेवाईक विचारतात, गाठच नाही तर शेक कशाला? तर हा शेक गाठीसाठी नसतोच. कॅन्सरच्या उरल्यासुरल्या पेशी मारणं, नव्या पेशींना जागा करून देणं आणि पेशंटची स्वतःची प्रतिकारशक्ती इतकी दाबणं की ती डोनरच्या पेशींना हाकलून लावणार नाही, एवढी कामं त्याला करायची असतात.

जुनी पद्धत म्हणजे अख्ख्या अंगाला शेक, टोटल बॉडी इरॅडिएशन, टीबीआय. अमेरिकेत डोनल थॉमस यांनी १९५७ पासून हे प्रयोग सुरू केले, १९९० ला त्यांना नोबेल मिळालं. भारतात पहिला बोन मॅरो ट्रान्सप्लांट मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात १९८३ ला झाला. टीबीआयचा नेहमीचा एकूण डोस १२ ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप), दिवसातून दोनदा असा तीन दिवसांत सहा वेळा, फुफ्फुसांसमोर शिशासारख्या जड धातूचे ठोकळे लावून. मग डोस वाढवला तर आजार उलटणार नाही ना, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये १२ आणि १५.७५ ग्रेची तुलना झाली तेव्हा जास्त डोसवाल्यांत ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सर, खरंच कमी उलटला, पण फुफ्फुस-लिव्हरच्या त्रासाने माणसं जास्त गेली, म्हणजे हिशोब तिथल्या तिथे. टार्गेटेड शेकाचं सगळं कारण ह्या एका हिशोबात आहे. विदर्भातल्या माणसाला सांगायचं तर अख्खं शेत नांगरणं आणि पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) दोन ओळींतून डवरा (तण काढायचं औत) हाकणं, एवढा फरक.

मग रेडिएशन सोडूनच द्या ना, नुसत्या केमोवर भागवा, हाही प्रश्न येतो. ४ वर्षांवरच्या मुलांच्या एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरमध्ये, एएलएलमध्ये, हे तपासलं गेलं, २०२१ ला निकाल छापून आला: टीबीआय घेतलेल्यांत दोन वर्षांनी जगलेले ९१ टक्के, नुसत्या केमोवाल्यांत ७५. एवढा फरक बघून कोण सोडेल.

प्रत्यक्षात आधी सीटी स्कॅन होतो, गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर-खांद्यावर दाबून साचा घेतात, थंड झाली की ती कडक होते आणि पेशंट टेबलाला जवळपास जखडलाच जातो. मग डॉक्टर आणि फिजिसिस्ट स्क्रीनवर कवटी, मणके, बरगड्या, कंबरेची हाडं एकेक करून रंगवतात आणि डोळ्याची भिंगं, फुफ्फुसं, किडनी, आतडी 'वाचवायची' म्हणून वेगळी आखतात, ह्यालाच खरा वेळ जातो. टोमोथेरपीसारखं मशीन गोल फिरत फिरत डोस टाकतं, पण टेबल उंच माणसाच्या पूर्ण लांबीएवढं सरकत नाही, म्हणून पाय वेगळे घ्यावे लागतात, पेशंटला उलटं फिरवून. बरगड्या तर श्वासाबरोबर हलतातच, त्याचा मार्जिन ठेवावा लागतो. कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होपने ह्यात बरंच काम केलंय आणि हाडांना २० ग्रेपर्यंत डोस दिलाय.

वांधा एकच पण मोठा: जे अवयव वाचवले तिथेच ल्युकेमियाची पेशी लपली असेल तर? म्हणून हे टीबीआयची जागा सरसकट घेऊ शकलेलं नाही. दुसरी वाट अँटीबॉडीला (ठरावीक पेशींनाच चिकटणारं प्रोटीन) किरण सोडणारं आयोडीन-१३१ किंवा यट्रियम-९० चिकटवून रक्तातून सोडायची, ती मगजातल्या पेशी स्वतःच शोधते आणि पेशी मारणारे बीटा किरण साधारण काही मिलिमीटरच जातात. पण आयोडीनचे गॅमा किरण अंगाबाहेरही येतात आणि त्याची अर्धी ताकद जायला ८ दिवस लागतात, म्हणून रेडिएशन पुरेसं उतरेपर्यंत पेशंट वेगळ्या खोलीत.

सिकलसेलची (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) गोष्ट निराळी, आणि नागपुरात ती सांगावीच लागते, कारण गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडचे सिकलसेलचे पेशंट मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) येतच असतात. त्यात मारायला कॅन्सर नसतो, म्हणून सख्ख्या भावाबहिणीशी एचएलए (पेशींवरची ओळखखूण) पूर्ण जुळला (प्रत्येक भावंडामागे चान्स चारात एक) तर एका पद्धतीत औषधासोबत अख्ख्या अंगाला फक्त ३ ग्रे, तेही एकदाच, पुरतं. मुलगा असेल तर अंडकोष झाकतात, पुढे मूल व्हायचा प्रश्न असतो ना.

ट्रान्सप्लांटच्या दिवशी, 'डे झिरो'ला, फार काही बघायला नसतं, डोनरच्या पेशींची लालसर पिशवी सेंट्रल लाईनमधून (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून) थेंब थेंब जाते आणि पेशी आपला रस्ता धरून हाडांत पोचतात. पांढऱ्या पेशी वर यायला साधारण दोन ते चार आठवडे, तोवर रक्त आणि प्लेटलेट लागतातच आणि त्या पिशव्या 'इरॅडिएटेड' मागवतात. हा शेक पेशंटचा नाही, पिशवीचा. २५ ग्रेच्या आसपास, रक्त देणाऱ्याच्या लिम्फोसाइट (एका जातीच्या पांढऱ्या) पेशी पेशंटवर उलटू नयेत म्हणून. ब्लड बँकेत धावणाऱ्या नातेवाइकाने पिशवीवरचं स्टिकर बघूनच सही करायची.